बालकमानी

रात्री एकनंतर लिफ्ट बंद होते, म्हणून आम्ही एकनंतर बसतो.
लिफ्टच्या पोटात लोखंड आहे. ती तिसऱ्या मजल्याला गेली
की तळघरात आमच्या अणूला कळतं.
हे पपांना सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत.
म्हणाले, कोपऱ्यावर डबलडेकर वळायची
तेव्हा मीही हात उचलून थांबायचो.

पपा म्हणजे शालोम पेणकर, घड्याळदुरुस्ती, फोर्ट,
जिन्याखालची जागा:
एकाला बसता येईल, दुसऱ्याला वाकता येईल, एवढी.
आता दुकान नाही. हात आहेत,
पण त्यांत धरलेली बशी वाजते.

कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या पातळीखाली,
माझ्याकडे प्रकाशाचा चिमटा आहे.
हा चिमटा कुणाला काढता येत नाही.
लेझर इतका आवळलेला, की त्याच्या टोकाशी
रुबिडियमचा एक अणू
बसून राहतो, गार,
इतका गार की कुडकुडणंसुद्धा विसरलेला.
तो एकाच वेळी तळ्यात आणि मळ्यात.
लहानपणी या खेळात चुकलं की बाद.
इथे दोन्हीकडे असणं हीच कमाई,
आणि त्याला तसाच, दोन्हीकडे असलेला,
उचलून शेजाऱ्यापाशी न्यायचं.
अंतर: एका केसाची जाडी.

चार महिने मी त्याला पोचवत होते.
पोचायचा. पडद्यावर ठिपका उमटायचा.
ताहेरा शाबासकी म्हणून खारे शेंगदाणे द्यायची.
मग पाचशे खेपांचा हिशेब मांडला
(एका खेपेत काहीच कळत नाही, अणू उत्तर देतो आणि संपतो)
की सपाट रेघ.
पोचला होता तो, पण वाटेत कुठेतरी 'आणि' सांडून
नुसता 'किंवा' उरलेला.

भायखळ्याला, रविवारी, मी कंटाळून हे बोलले.
पपा भिंग नसलेला डोळा बारीक करत म्हणाले,
"बालकमानी वाटेत बिघडत नाही.
उचलताना बिघडते, नाहीतर ठेवताना.
मध्ये तू कितीही पळ."

बालकमानी. घड्याळातली ती केसासारखी कमान.
मला वाटायचं तिच्यात कुठलंतरी बाळ आहे,
म्हणून पपा तिच्याजवळ श्वास घेत नाहीत.

सोमवारी मी सरळ रेघ पुसली.
वक्र काढला: आधी जवळजवळ न हलणं,
मग धावणं,
मग थांबण्याच्या कितीतरी आधीपासून थांबत जाणं.
तरी फिकट. तेव्हा इंद्रनीलने वाटेच्या ऐन मध्यावर
एक कोलांटी घातली: तळ्याचा मळा, मळ्याचं तळं,
म्हणजे पहिल्या निम्म्यात चढलेली चूक
दुसऱ्या निम्म्यात उलटी लागून फिटते.

हे पपांना पटणार नाही असं वाटलं होतं.
"मग त्यात काय," ते म्हणाले,
"दिवसभर हातावर पुढे गेलेलं घड्याळ
रात्री पालथं ठेवायचं. झोपेत मागे येतं.
गिऱ्हाइकाला एवढं सांगितलं की तो पैसे देत नाही,
म्हणून सांगायचं नसतं."

काल पहाटे पावणेतीनला रेघ हलली.
वर गेली, खाली आली, पुन्हा वर.
आम्ही तिघं काही बोललो नाही.
वर कुणीतरी लिफ्टचं बटण उगाच दाबत होतं.
ताहेराने आकडा वहीत लिहिला, मग खोडला,
मग तोच पुन्हा लिहिला.

आज घरी. पपा म्हणाले, बस, चहा मी आणतो.
स्वयंपाकघरापासून टेबल बारा पावलं.
उठू नये, एवढं मला या नोकरीने शिकवलंय.
बघूही नये.
मी खिडकीबाहेर पाहत राहिले: समोरच्या गच्चीवर
कुणाची तरी चादर, एकाच चिमट्यावर.

पहिलं पाऊल पडायला खूप वेळ लागला.
मधली कधी झाली कळलं नाही.
आणि मग टेबलाशी
ते ठेवत होते, ठेवत होते,
अजून ठेवत होते.